मीठ चवीनुसार : लिहिलेल्या पाककृतीची गोष्ट



मागच्या वेळी आपण ‘नियम पाळणं म्हणजे नेमकं काय’ या प्रश्नापाशी थांबलो होतो. तेव्हा एका श्रोत्यांनी निघता निघता विचारलं, ‘सर, रोजच्या जगण्यातलं एखादं उदाहरण देता येईल का?’ आज ते उदाहरण घेऊन आलो आहोत. ते आहे चिकन कॅसरोल.

कॅसरोल म्हटलं की आपल्याला आधी पोळ्या गरम ठेवायचा डबा आठवतो. मूळ शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ स्वयंपाकाचं भांडं. जाड बुडाच्या, घट्ट झाकणाच्या भांड्यात मंद आचेवर जे शिजवायचं, त्या पदार्थालाही पुढे भांड्याचंच नाव पडलं. आपण ‘चिकन हंडी’ म्हणतो ना, तसंच.

आता हे उदाहरण आमच्याकडे कसं आलं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या सौभाग्यवतींचा उजवा हात मनगटात मोडला. सहा आठवडे प्लास्टर. तोवर आमची मजल चहापलीकडे गेलेली नव्हती. लेक इंग्लंडमध्ये असते, तिने फोनवर एक कृती लिहून पाठवली. ‘बाबा, याच्याइतकं सोपं काही नाही,’ असं वर लिहिलेलं. किलोभर चिकनचे मांडीचे आणि तंगडीचे तुकडे तेलावर तपकिरी करून बाजूला काढा. त्याच भांड्यात दोन कांदे मऊ होईपर्यंत परता. लसूण, तीन गाजरं, चार बटाटे घाला. दोन चमचे मैदा भुरभुरवा. अर्धा लिटर चिकनचं पाणी, एक तमालपत्र. चिकन परत आत, झाकण लावा, आणि ओव्हनमध्ये १८० अंशांवर सव्वा तास. मीठ, मिरी चवीनुसार. संपलं.

आमच्याकडे ओव्हन नव्हता. जाड पातेलं होतं. आम्ही तेल तापवलं आणि चिकन घातलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, तपकिरी काही होईना. पांढरट, ओलसर तुकडे नुसते बसून. बाहेरच्या खोलीतून आवाज आला, ‘अहो, सगळे तुकडे एकदम घातलेत ना?’ आम्ही चकित. न बघता कळलं कसं? म्हणाल्या, ‘खदखद ऐकू येतेय इथपर्यंत. पाणी सुटलंय. निम्मे काढा, आच वाढवा. चरचर ऐकू आली की समजा जमलं.’

आम्ही तेहतीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञाने १९४९ साली ‘अमुक आहे हे माहीत असणं’ आणि ‘अमुक करता येणं’ यांत जो फरक केला, तो दरवर्षी फळ्यावर दोन रकाने आखून समजावला. त्याचं म्हणणं असं, की उत्तम आचारी आधी मनातल्या मनात कृती म्हणतो आणि मग तिच्याबरहुकूम हात चालवतो, असं काही घडत नसतं. हे आम्ही सांगत आलो, परीक्षेत विचारत आलो. पण त्याचा अर्थ त्या दिवशी, हातात झारा असताना कळला. आमच्याकडे कृती होती आणि चिकन तपकिरी होत नव्हतं. बाहेरच्या खोलीत कृती नव्हती. तिथे कान होता.

त्या कानाला जे कळलं त्यामागचं शास्त्र असं. मांस खमंग तपकिरी होतं ते त्यातली प्रथिनं आणि शर्करा यांच्यातल्या रासायनिक क्रियेने. मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली तिचं वर्णन केलं. तिला पृष्ठभागाचं तापमान १४० अंशांच्या आसपास तरी लागतं. पण भांड्यात गर्दी झाली की सुटलेलं पाणी उडून जायला जागा राहत नाही, आणि पाणी आहे तोवर तापमान १०० च्या वर जात नाही. खदखद म्हणजे पाणी, चरचर म्हणजे पाणी संपलं.

गंमत पुढे आहे. ‘आधी परतून का घ्यायचं?’ याला पाश्चात्त्य पुस्तकं जवळजवळ शंभर वर्षं एकच उत्तर देत आली, की त्यामुळे मांसाची छिद्रं बंद होतात आणि रस आत कोंडून राहतो. हे मत पसरवलं लिबिग या मोठ्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, १८४७ च्या सुमारास. ते चुकीचं आहे. परतल्याने रस कोंडला जात नाही, चव येते. म्हणजे पाहा, कारण चुकीचं दिलं होतं आणि कृती मात्र बरोबर होती. लाखो लोकांनी चुकीच्या कारणासाठी योग्य गोष्ट केली आणि उत्तम जेवले.

हे ऐकून प्लेटो अस्वस्थ झाला असता. ‘गॉर्जियास’ या संवादात त्याचा सॉक्रेटिस म्हणतो, की स्वयंपाक ही विद्या नव्हेच. ती नुसती सवयीची हातोटी, कारण ती आपल्या करण्याची कारणं सांगू शकत नाही. वैद्यक कारणं सांगतं, म्हणून ती विद्या. आता लिबिगचं उदाहरण समोर ठेवा. कारण सांगता आलं म्हणून ज्ञान खरं ठरत नाही, आणि सांगता आलं नाही म्हणून ते खोटं ठरत नाही. बाहेरच्या खोलीतल्या ज्ञानाला मायार माहीत नव्हता, तरी ते अचूक होतं.

त्याच संवादात प्लेटो मिथायकोस नावाच्या एका माणसाचा उल्लेख करतो. याने सिसिलीच्या स्वयंपाकावर पुस्तक लिहिलं होतं. पाककृती लिहिणारे जे सर्वांत जुने लोक आपल्याला नावाने माहीत आहेत, त्यांतला हा एक. पुस्तक नष्ट झालं. एका माशाची एवढीशी कृती, दुसऱ्या एका लेखकाने उद्धृत केली म्हणून, शिल्लक राहिली. साफ करा, डोकं काढा, धुवा, तुकडे करा, वर चीज आणि तेल. किती चीज, किती वेळ, काही नाही.

आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. लेकीच्या कृतीने ‘तुकडे थोडे थोडे घाला’ हे आम्हाला का सांगितलं नाही? तिने आळस केला नव्हता. तिच्या मते ते सांगण्यासारखं नव्हतंच. ‘हे कुणालाही कळतं’ असं तिने धरलं. प्रत्येक पाककृती असं काहीतरी धरून चालते, आणि ती काय धरून चालते यावरून समोर कोण उभं आहे असं लिहिणाऱ्याला वाटत होतं, ते ओळखता येतं. कृतींचा इतिहास आपण याच अंगाने पाहू.

सर्वांत जुन्या ज्ञात कृती बॅबिलोनियातल्या आहेत, इसवी सनापूर्वी सुमारे १७३० च्या. ओल्या मातीच्या पाट्यांवर अक्कादी भाषेत कोरलेल्या. त्या आज अमेरिकेत येल विद्यापीठात आहेत. पुष्कळ काळ त्यांना औषधांच्या याद्या समजत. झां बोतेरो या फ्रेंच विद्वानाने त्यांचा नीट अभ्यास केला आणि तो स्वयंपाक असल्याचं जगाला समजलं. एका पाटीवर पंचवीस रस्से आहेत. मांस, पाणी, चरबी, कांदा, लसूण. की झाला एक रस्सा. बहुतेकांना दोन-चार ओळी पुरल्या आहेत. मापं जवळजवळ नाहीत, वेळ नाही. त्या काळी लिहिता-वाचता येणारे मोजके लेखनिक, आणि चुलीपाशी उभा असणारा माणूस बहुधा निरक्षर. म्हणजे ज्याला ते करायचं होतं त्याच्यासाठी ते लिहिलेलंच नसावं. त्याचं शिक्षण पाटीवर झालं नव्हतं, उस्तादाशेजारी झालं होतं.

तिथून रोममध्ये या. ‘अपिकियस’ या नावाने ओळखला जाणारा लॅटिन कृतींचा संग्रह आज उपलब्ध आहे. त्याचं आत्ताचं रूप साधारण चौथ्या-पाचव्या शतकातलं धरतात. त्यात एक आहे ‘पार्थियन कोंबडी’. कोंबडी मोकळी करून मातीच्या भांड्यात ठेवायची. वर मिरी, एक सुगंधी पाला, कॅरवे म्हणजे आपल्या शहाजिऱ्यासारखं काहीतरी, माशांचा खारवलेला रस आणि वाइन. आणि कोमट पाण्यात विरघळवलेला हिंगासारखा डिंक. हे सगळं एकत्र शिजवायचं. मंडळी, हे चिकन कॅसरोलच झालं. तेही हिंग घातलेलं, आणि त्यातली मिरी आपल्या मलबारच्या किनाऱ्यावरून जहाजाने गेलेली. पूर्ण कृतीत माप एकच आहे. कॅरवे किती? तर ‘थोडंसं’.

आपल्या बाजूला पाहिलं तर कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ, साधारण ११२९ सालचा. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातलं. त्यात अन्नभोग नावाचं प्रकरण आहे. आपले मांडे त्यात आहेत, वडे आहेत, मांसाचे नाना प्रकार आहेत. पण प्रकरणाचं नाव नीट ऐका. अन्न‘भोग’. राजाने कशाकशाचा उपभोग घ्यावा याचं ते वर्णन आहे. पद्धती त्यात येतात, पण नजर ताटावरून चुलीकडे जाते. रांधणारे हात कुणाचे, ते श्लोकात येत नाही.

मग मापं कधी आली? इंग्लंडमध्ये १८४५ साली एलायझा ॲक्टन हिचं पुस्तक निघालं. प्रत्येक कृतीच्या शेवटी जिन्नस, त्यांचं वजन आणि लागणारा वेळ हे तिने वेगळं काढून दिलं. १८६१ साली पंचविशीतल्या इझाबेला बीटन हिने तीच यादी कृतीच्या वर नेली. खर्च किती, किती माणसांना पुरेल, हेही दिलं. तिच्या पुस्तकातल्या पुष्कळ कृती ॲक्टनच्या आणि इतरांच्या घेतलेल्या होत्या, पण मांडणी टिकली. अमेरिकेत १८९६ साली फॅनी फार्मर हिने चमचा आणि कप सुरीने सपाट करून मोजायचा आग्रह धरला. कारखाने वाढत होते, शहरं फुगत होती, आणि मुली आईपासून, मावशीपासून लांब संसार मांडत होत्या. शेजारी सांगणारं कुणी उरलं नाही, तेव्हा कागदाला जास्त बोलावं लागलं. कृती लांबत गेल्या, कारण माणसं लांब गेली. लेकीच्या कृतीतले ते ‘१८० अंश’सुद्धा पाहा. त्याआधी ओव्हनमध्ये हात घालून किंवा कागदाचा तुकडा किती वेळात करपतो यावरून अंदाज घेत. ओव्हनला तापमानाचा खटका आला तो १९२० च्या दशकात, आणि त्यानंतरच हा आकडा छापण्याला अर्थ आला.

तीच गोष्ट आपल्याकडे. मराठीत रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र’ १९१० चं, हजार पाकक्रिया देणारं; त्या पाठारे प्रभू, त्यामुळे मासे-मटण त्यात मोकळेपणाने आलं. आणि १९७० साली कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’. शेर, पावशेर, तोळा ही मापं १९५६ च्या कायद्यानंतर बाजारातून निघून चालली होती. ग्रॅम अजून हाताला बसले नव्हते. कमलाबाईंनी वाटी आणि चमचा घेतला. ज्या घरात तराजू नाही त्या घरातही वाटी असते. पुण्या-मुंबईच्या दोन खोल्यांत नव्याने संसार मांडणाऱ्या मुलीला त्या पुस्तकाने किती धीर दिला, हे इथे बसलेल्या अनेकांना स्वानुभवाने माहीत आहे.

इथे आम्हाला आपले मीमांसक आठवतात. वैदिक विधिवाक्याचा अर्थ लावताना ते म्हणतात, की ‘हे करावं’ असं ऐकलं की तीन आकांक्षा निर्माण होतात. काय साधायचं, कशाने साधायचं, आणि कसं साधायचं. साध्य, साधन, इतिकर्तव्यता. बीटनबाईंचं पान उघडा : वर पदार्थाचं नाव, खाली साहित्य, त्याखाली कृती. तिने मीमांसा वाचली असण्याचं कारण नाही. करण्याबद्दल नीट विचार केला की माणूस याच तीन खणांत येतो. आणि मराठी पुस्तकांची क्रियापदं पाहा : घ्यावे, परतावे, उतरवावे. शुद्ध विध्यर्थ. इंग्रजीतला ‘रेसिपी’ हा शब्दही मूळ लॅटिन आज्ञार्थ आहे, ‘घे’. डॉक्टर चिठ्ठीवर जी खूण करतात, तिचा अर्थही तोच.

पण मीमांसक चौथा प्रश्न विचारतात. हे कर्म करण्याचा अधिकारी कोण? जैमिनीच्या सूत्रांचा सहावा अध्याय या अधिकाराच्या चर्चेचाच आहे, आणि तिथे शूद्रांना यज्ञातून वगळलेलं आहे. पाककृतीतही अधिकारी असतो, फक्त तो उघड सांगितलेला नसतो. आमच्या कपाटातल्या जुन्या पुस्तकांत कुणाच्या चुलीवरचं अन्न होतं आणि कुणाचं नव्हतं, हा प्रश्न आम्हाला साठीपर्यंत पडला नाही, हे इथे कबूल करायला हवं. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांचं अन्न त्यांनी लिहून ठेवलं. वाळवलेल्या मांसाच्या चान्या, रक्ताचे पदार्थ, रानातला पाला, तेलातुपाच्या टंचाईतून निघालेल्या युक्त्या. पिढ्यान्‌पिढ्या लोक हे रांधत होते, जेवत होते. पुस्तकाच्या नावातला तो ‘अ’ आपल्याला विचारतो, की पूर्णब्रह्म म्हणताना तुम्ही कुणाचं ताट मोजलं होतं? चार हजार वर्षांपूर्वीच्या बॅबिलोनियातल्या रश्श्याची कृती आज वाचता येते, आणि आपल्याच गावच्या वेशीपलीकडच्या रश्श्याची कृती एकविसाव्या शतकापर्यंत छापलेली नव्हती. लिहिलं गेलं नाही त्याचं कारण ते क्षुल्लक होतं असं नव्हे. लेखणी दुसऱ्याच्या हातात होती.

पुन्हा कॅसरोलकडे येतो. विसाव्या शतकात अमेरिकेत हा पदार्थ घरोघर पोचला तो दोन वस्तूंमुळे. एक, ओव्हनमध्ये न तडकणारं काचेचं भांडं, पायरेक्स, १९१५ पासून. दुसरी, डबाबंद घट्ट सूप. मग कृती झाली ‘एक डबा सूप घाला’. आता कृती डब्याच्या लेबलावरच छापलेली, आणि डबा हेच माप. इथे लिहिणाऱ्याने वाचकाकडून काहीच धरलेलं नाही. डबा उघडता येतो एवढंच धरलं. ही कृती चुकत नाही. पण ती शंभरदा केली तरी चरचर आणि खदखद यांतला फरक कळेल असं नाही.

तर मग चांगली कृती कोणती? कांट म्हणाला होता, की नियम कुठे लावायचा हे सांगायला आणखी एक नियम मागितला, तर त्या नियमासाठी पुन्हा नियम लागेल आणि याला अंत राहणार नाही. कुठेतरी माणसाने स्वतः पारख करावी लागते, आणि पारख शिकवता येत नाही, सरावानेच येते. आमच्या मते पाककृतीत ही जागा प्रामाणिकपणे दाखवणारा शब्द आहे ‘चवीनुसार’. आम्ही तो शब्द वाचला तेव्हा चिडलो होतो. चव माहीत असती तर कृती कशाला वाचली असती? पण इथे लिहिणारा हात सोडतो आणि म्हणतो, आता तुम्ही चाखा. शितावरून भाताची परीक्षा आपण म्हणतो ना, त्यातलं शीत बोटांत धरून दाबायला बोटं आपलीच लागतात.

आमच्या पातेल्याचं काय झालं ते सांगून थांबतो. ओव्हन नसल्याने आतल्या खोलीतून सूचना आली, ‘झाकणावर पाणी ठेवा, गॅस बारीक करा.’ वरचं पाणी झाकण फार तापू देत नाही, आतली वाफ झाकणाला लागून थेंब होऊन परत खाली पडते आणि रस्सा आटत नाही. तासाभराने मांडीचं मांस हाडापासून सुटत होतं. मांडीत चिवट पांढरे धागे जास्त असतात. मंद आचेवर ते विरघळून रश्श्याला दाटपणा देतात. म्हणून कृतीत मांडी-तंगडी होती, छातीचे तुकडे नव्हते. कृतीने हेही सांगितलेलं नव्हतं. मीठ कमी पडलं. ते प्लास्टरवाल्या हाताने नाही, डाव्या हाताने घातलं गेलं.

त्या सहा आठवड्यांत आम्ही एक वही केली. तिच्यात कृती डाव्या पानावर आणि उजव्या पानावर आम्ही विचारलेले प्रश्न व त्यांची उत्तरं. तीन महिन्यांनी पाहिलं तर उजवी पानं भरून गेली होती आणि डावी निम्मी कोरी. ती उजवी पानं लेकीला पाठवली. तिचा फोन आला, ‘बाबा, आईने मला हे कधीच सांगितलं नव्हतं!’ आईचं उत्तर होतं, ‘तू कधी विचारलं नाहीस.’

तुमच्या घरात ज्यांच्या हातच्या पदार्थाला तुम्ही नावाजता, त्यांना कृती लिहून द्यायला सांगू नका. त्या चार ओळी देतील, बॅबिलोनियासारख्या. शेजारी उभे राहा. त्यांनी मूठभर घेतलं की ती मूठ वाटीत रिकामी करून मोजा. ‘आता का ढवळलंत?’ हे विचारा आणि जे उत्तर येईल ते त्यांच्याच शब्दांत लिहा. खाली त्यांचं नाव घाला. घरात स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी असतील, तर त्यांनाही विचारा आणि त्यांचंही नाव घाला. हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलण्यासारखं नाही; आमच्या वयाच्या माणसांना हे वेगळं सांगायला नको.

पुढच्या वेळी आपण राइलच्या दोन रकान्यांकडे परत जाऊ. या वेळी रकाने कुठे फाटतात ते पाहू.